सुधारककार आगरकर

पुण्याहून सोलापूरकडे एस.टी.ने निघालात, की भिगवण मागे पडल्यावर पळसदेव नावाचे गाव लागते. हे गाव पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात आहे. रस्त्यावरून तुम्हांला दिसते ते नवे पळसदेव. जुने गाव भीमा नदीच्या काठी होते. भीमेवर उजनीचे मोठे धरण बांधले गेले. १९८० च्या सुमारास ते पूर्ण झाले आणि धरणाचे पाणी मागे पसरत आले. जुनी घरे आणि शेते पाण्याखाली गेली. लोकांनी सामानसुमान उचलले आणि ते उंचावरच्या नव्या जागी राहायला गेले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ मात्र होते तिथेच राहिले.

पावसाळ्यानंतर हे देऊळ पाण्यात बुडते. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले, की आधी शिखर वर येते. फारच कमी पावसाच्या वर्षी सगळे देऊळ उघडे पडते. मग ते पाहायला लांबून माणसे येतात.

आता अशी कल्पना करा, की अशा एका उन्हाळ्यात तुम्ही त्या काठावर उभे आहात. भोवती गर्दी आहे. एक जण सांगतो, की देव कोपला म्हणून दुष्काळ पडला. दुसरा सांगतो, की देवाला दर्शन द्यायचे होते म्हणून पाणी बाजूला झाले. एकाच गोष्टीतून एकाला देवाचा राग दिसतो आणि दुसऱ्याला देवाची कृपा दिसते. इतक्यात तिसरा माणूस विचारतो, की गेल्या वर्षी पाऊस किती झाला? धरणातून कालव्यात पाणी किती सोडले? उसाला किती गेले? उन्हाने किती आटले?

पहिल्या दोघांचे ऐकून माणसे मान हलवतात आणि घरी जातात. तिसऱ्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे, तर आकडे गोळा करावे लागतात, कोणाला तरी जाब विचारावा लागतो. म्हणून हा तिसरा माणूस गर्दीत कोणाला फारसा आवडत नाही.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात असा एक तिसरा माणूस होऊन गेला. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर. पळसदेवशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते वारले, तेव्हा उजनीचे धरण कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण असे देऊळ पाहिले, की त्यांची आठवण होते, कारण त्यांनी जन्मभर जो प्रश्न विचारला, तो हाच होता : हे असे का?

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी टेंभू या गावी झाला. टेंभू हे सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णा नदीच्या काठी आहे. घरची अतिशय गरिबी होती. म्हणून शिक्षणासाठी ते कराडला आजोळी राहिले. तिथे थोडे इंग्रजी शिकून झाले आणि पुढची वाट बंद झाली. पैसे नव्हते. मग या मुलाने कचेरीत उमेदवारी केली. कधी दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले. शिकण्यासाठी तो रत्नागिरीपर्यंत पायी गेला. तिथेही सोय झाली नाही, तेव्हा परत आला. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने तो अकोल्याला पोहोचला. कराड कुठे आणि विदर्भातील अकोला कुठे! नकाशा उघडून एकदा पाहा.

अकोल्याच्या शाळेत विष्णू मोरेश्वर महाजनी नावाचे शिक्षक होते. त्यांनी या मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला धीर दिला. १८७५ साली आगरकर मॅट्रिकची परीक्षा पास झाले. तुमच्या उर्दूच्या पुस्तकात सर सय्यद अहमद खान यांच्याविषयी तुम्ही वाचले असेल. अलीगडला त्यांचा मदरसतुल उलूम सुरू झाला, तेही याच वर्षी. देशात त्या वेळी अनेक ठिकाणी नवे वारे वाहत होते.

पुढे आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तिथे त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांना लहानपणापासून दम्याचा त्रास होता. तरी वाचन थांबले नाही. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांची पुस्तके त्यांनी मनापासून वाचली. एखादी गोष्ट जुनी आहे, एवढ्याच कारणाने ती खरी ठरत नाही, तिला पुरावा लागतो, हा विचार या वाचनातून त्यांच्या मनात पक्का झाला.

ते कॉलेजात आले, त्याच सुमारास, म्हणजे १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. इंदापूर आणि बारामती हे मुळातच कमी पावसाचे तालुके. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. लोकांनी देवाला साकडे घातले. हतबल माणूस दुसरे काय करणार? त्याला हसणे बरे नाही. पण याच दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८५ साली त्यातून पाणी वाहू लागले. बारामती-इंदापूरकडच्या ज्या शिवारात बाजरी-ज्वारीची खात्री नव्हती, तिथे पुढे ऊस उभा राहिला. आभाळातून पडणारे पाणी माणसाच्या हातात नसते, पण पडलेले पाणी अडवणे त्याच्या हातात असते.

डेक्कन कॉलेजातच आगरकरांची आणि बाळ गंगाधर टिळकांची दोस्ती जमली. दोघेही तरुण, दोघेही बुद्धिमान. सरकारी नोकरी करायची नाही, देशातील मुलांना शिकवायचे, असे त्यांनी ठरवले. एम.ए. होणाऱ्या मुलाला त्या काळात मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळत असे. आगरकरांनी आपल्या आईला पत्र लिहिले. मुलाच्या मोठ्या परीक्षा झाल्या, आता सुखाचे दिवस येतील, असे तिला वाटत असेल, पण आपण पोटापुरता पैसा मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामासाठी देणार आहोत, असे त्यांनी तिला कळवले. ज्या आईने आयुष्यभर गरिबी सोसली, तिला हे सांगणे सोपे नव्हते. मला आगरकरांच्या चरित्रातील हा सर्वांत कठीण प्रसंग वाटतो.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. झाल्यावर आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' हे मराठी वर्तमानपत्र निघाले. त्याचे पहिले संपादक आगरकर होते.

आणि इथे एक चूक झाली. ती सांगितली पाहिजे. कोल्हापूरच्या महाराजांचा दिवाण बर्वे छळ करतो, अशी बातमी त्या वेळी पसरली होती. तिला आधार म्हणून काही पत्रे या मंडळींच्या हाती आली. त्यांनी बर्वे यांच्यावर कडक टीका छापली. बर्वे यांनी खटला भरला. कोर्टात ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारा माणूस खोट्या पुराव्याला फसला होता! मनाला जे खरे व्हावेसे वाटते, त्यावर चटकन विश्वास बसतो. देवभोळ्या माणसाचे असे होते, तसे विद्वानाचेही होते.

या खटल्यात दोघांच्या जामिनाची सोय महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या ओळखीच्या एका सावकाराकडून करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा संबंध पुढे येणार आहे.

टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ठेवले होते. तिथे ते १०१ दिवस राहिले. एका लहानशा खोलीत दोघांचे रात्रंदिवस वाद चालत. आधी देश स्वतंत्र करावा, की आधी समाज सुधारावा, हा वादाचा विषय. आवाज इतका चढे, की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावे लागे. आगरकरांनी पुढे या दिवसांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी स्वतःचीही गंमत केली आहे. तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी दोघांचे मोठे स्वागत केले. त्यात फुले यांच्या सत्यशोधक समाजाची मंडळीही होती.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तिथे शिकवू लागले. पण 'केसरी'त त्यांचे आणि टिळकांचे पटेना. लहान मुलींची लग्ने, विधवांचे केशवपन, म्हणजे नवरा मेल्यावर बाईचे डोके भादरण्याची चाल, यांवर आगरकर जे लिहीत, ते इतरांना फार तिखट वाटे. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचे 'सुधारक' हे पत्र काढले. सुधारक म्हणजे तुमच्या उर्दूत मुस्लेह. या पत्रात मराठी आणि इंग्रजी असे दोन भाग असत. इंग्रजी भाग सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

'सुधारका'त आगरकर काय लिहीत? अगदी साध्या गोष्टींपासून ते सुरुवात करत. सोवळे नेसून स्वयंपाक केला म्हणजे अन्न शुद्ध होते का? मग ते सोवळे महिनोन्‌महिने न धुतलेले का चालते? मेलेल्या माणसाच्या नावाने इथे दान दिले, तर ते त्याला तिथे पोहोचते, हे कोणी पाहिले? बायको मेली तर पुरुष लगेच दुसरे लग्न करतो, मग तेच बाईने केले तर पाप कसे? लोक म्हणत, की शास्त्रात तसे सांगितले आहे. आगरकरांचे म्हणणे असे, की शास्त्रेही माणसांनीच लिहिली, त्यांच्या काळाप्रमाणे लिहिली. आपल्यालाही डोके आहे, ते आपणही वापरावे. मराठीत ज्याला बुद्धी किंवा अक्कल म्हणतात, तुमच्या उर्दूत अक़्ल म्हणतात, तिच्या कसोटीवर प्रत्येक रूढी घासून पाहावी, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे जाऊन त्यांनी देवाविषयीही लिहिले. माणसाच्या मनात देवांची कल्पना कशी आली असेल, याचा त्यांनी विचार केला. फार जुन्या काळी माणसाला वीज, वादळ, रोगराई यांची कारणे माहीत नव्हती. तो भ्यायला. मेलेले वाडवडील त्याच्या स्वप्नात येत. त्यावरून ते कुठेतरी जिवंत आहेत असे त्याला वाटले. अशा भीतीतून आणि स्वप्नांतून अनेक देवदेवता जन्माला आल्या, असे आगरकरांचे मत होते. हा विचार त्यांनी स्पेन्सरच्या पुस्तकांवरून घेतला होता. सगळ्या विश्वामागे एखादा ईश्वर आहे का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे होते, की ते कळण्याचे साधन माणसाजवळ नाही. असे मानणाऱ्याला अज्ञेयवादी म्हणतात. माणसाने चांगले वागावे ते नरकाच्या भीतीने नव्हे, तर आपल्या वागण्याने दुसऱ्याला सुख किंवा दुःख होते म्हणून, असे त्यांचे सांगणे होते.

त्या काळची एक गोष्ट सांगतो. गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आला, की लोक मरीआईचा कोप झाला असे समजत. मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. रोग पुढच्या गावात जावा, हा हेतू. पुढच्या गावचे लोक तो गाडा आणखी पुढे नेत. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याला येऊन कॉलऱ्याचे जंतू शोधले. ते तिथल्या तळ्याच्या पाण्यातही सापडले. म्हणजे गाडा ओढणारे लोक जे पाणी पीत होते, त्यातच रोग असू शकत होता. पाणी उकळून प्यायले असते, तर कितीतरी जीव वाचले असते. आगरकरांची तळमळ तुम्हांला इथे समजेल. चुकीच्या समजुतीने माणसे मरत होती. लहान मुली विधवा होऊन अंधाऱ्या खोलीत आयुष्य काढत होत्या.

लोक मात्र चिडले. रस्त्यात त्यांची टिंगल होऊ लागली. एकदा तर पुण्यातील काही लोकांनी आगरकरांची खोटी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. स्वतः जिवंत असताना स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. घरात त्यांची पत्नी यशोदाबाई होत्या, लहान मुले होती. त्यांना काय वाटले असेल? आगरकरांनी लिहिणे थांबवले नाही.

आता सर सय्यद यांची पुन्हा आठवण करा. त्यांनीही 'तहज़ीबुल अख़लाक़' नावाचे मासिक काढून आपल्या समाजातील वाईट चालींवर टीका केली. त्यांनाही लोकांनी नेचरी म्हणून हिणवले, त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले. पण सर सय्यद यांची अल्लाहवर श्रद्धा होती. महात्मा फुले यांनी भटजींच्या कर्मकांडावर घणाघाती टीका केली, पण सर्वांना निर्माण करणाऱ्या एका निर्मिकावर त्यांचा विश्वास होता. आगरकर ईश्वर मानत नव्हते. तिघांची उत्तरे वेगळी होती. तरी फुले यांनी आगरकरांच्या जामिनासाठी धाव घेतली होती! माणसाची मदत करताना त्याची श्रद्धा विचारायची नसते, हे फुले यांना ठाऊक होते.

आगरकरही घरात तसेच वागले. यशोदाबाई देवभक्त होत्या. सण, व्रते, पूजा त्या करत. आगरकरांनी त्यांना कधी अडवले नाही. जो माणूस साऱ्या महाराष्ट्राशी भांडला, त्याने बायकोवर आपले मत लादले नाही. काही लोक याला आगरकरांचा दुबळेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. विचार करण्याचे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागायचे आणि घरातल्या बाईला ते द्यायचे नाही, हा खरा दुबळेपणा झाला असता.

त्यांच्यात उणेही होते. त्यांचे बहुतेक लिखाण पांढरपेशा घरांतील चालीरीतींविषयी आहे. शेतात राबणाऱ्या माणसाचे दुःख फुले यांच्या लिखाणात जसे दिसते, तसे आगरकरांच्या लिखाणात दिसत नाही. त्यांची भाषा कधी कधी इतकी धारदार होई, की ज्याला समजवायचे तोच दुखावला जाई.

१८९१ साली मुलींच्या संमतिवयाचा कायदा झाला. लग्न झालेल्या मुलीचे संमतीचे वय या कायद्याने १० वरून १२ केले. आज हे वय ऐकून आपल्याला शरम वाटते, पण तेवढ्यासाठीही पुण्यात केवढे वादळ उठले! टिळकांनी कायद्याला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. एका खोलीत १०१ दिवस राहिलेले मित्र एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले. १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्याच कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले. 'सुधारका'त जे छापले जात होते, ते कोणीतरी आपल्या घरात करून दाखवत होते.

दमा वाढत चालला होता. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. तेव्हा त्यांना ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. इतकी वर्षे भांडण चालले होते, पण तो लेख लिहिताना टिळकांचे डोळे पुनःपुन्हा भरून येत होते, अशी आठवण आहे.

आगरकरांनी सुरू केलेले काम पुढे अनेकांनी चालवले. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भोंदू बाबा आणि जादूटोण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक यांविरुद्ध कायदा व्हावा, यासाठी ते अनेक वर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

पुण्यात आगरकरांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. तिथे शास्त्रज्ञ गहू, सोयाबीन अशा पिकांवर आणि सूक्ष्म जंतूंवर संशोधन करतात. आणि टेंभू? कृष्णेच्या काठचे ते लहानसे गाव आता एका मोठ्या पाणीयोजनेसाठी ओळखले जाते. तिथे नदी अडवली आहे. विजेच्या पंपांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि कालव्यांतून आटपाडी, कवठे महांकाळ, सांगोला अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते.